डाव्या चाकातलं पाप

आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको. डाव्या चाकातली खडखड ही माझीच करणी होती. पुढच्या चाकांत ब्रेकचे पॅड असतात आणि त्यांना जागच्या जागी दाबून धरायला एक वाकवलेली पोलादी पत्ती असते, बोटाएवढी. ती काढून घेतली की पॅड खोबणीत नाचतात आणि खड्ड्यांतून जाताना डब्यात चमचे हलवल्यासारखं वाजतं. ब्रेक लागतो, गाडी थांबते, कुणाच्या जिवाला काही होत नाही. नुसता आवाज. आणि मला नुसता आवाजच हवा होता, कारण आवाज झाला की बिरागोकडे जाता येतं.

माझं नाव सार्फो, पण ते फक्त माझ्या घरच्यांना आणि पास्टरला माहीत. कुमासीत ड्रायव्हरला गाडीच्या नावानं हाक मारतात, आणि माझ्या बसच्या मागं लाल अक्षरांत लिहिलंय 'हळू बोल'. तेव्हा मी हळूबोल. केजेतिया बाजार ते ताफो, ताफो ते केजेतिया, दिवसाला चौदा फेऱ्या. आवाज म्हणाल तर मी 'ताफो, ताफो, ताफो' ओरडलो की टोपलीतल्या कोंबड्या दचकतात. पोलिसाशी मी भांडलोय, पास्टरशी भांडलोय, एकदा तर रस्त्यात आडव्या बसलेल्या बोकडाशीही भांडलोय आणि हरलोय. फक्त बिरागोसमोर उभा राहिलो की माझ्या घशात मक्याच्या केन्केचा घास अडकतो.

आठ महिन्यांपूर्वी खडखड खरीच झाली होती. ती पत्ती आपली आपण पडली, देवाची कृपा. कुणीतरी म्हणालं, सुआमेला जा, ओपानिन बादूकडे, त्याच्या कानाला तोड नाही. सुआमेत गॅरेजांच्या रांगाच रांगा, त्यातल्या एका चढाच्या गल्लीच्या टोकाला म्हाताऱ्याचं गॅरेज आणि मागं घर. फाटकाशी एक बाक, बाकाशेजारी पाण्याचं निळं पिंप, आणि बाकावर ओपानिन, तोंडात दातणाची काडी. उठला नाही की वाकला नाही. "पुढं घे," म्हणाला. "आता मागं. पुढं घे, ब्रेकवर हलका पाय ठेव. बंद झाला ना आवाज? पाय काढ. सुरू झाला ना?" मग काडी तोंडातून काढली. म्हातारा काडी काढतो ती निकाल द्यायलाच. "डावं पुढचं. पॅडची पत्ती गेली. बिरागो!"

ट्रकच्या खालून आधी दोन पाय आले, मग कमरेला बांधलेले पाने आले, मग ती आली. तोंडभर काळं ग्रीस. नुसते डोळे आणि दात दिसत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं आणि हसली. काय सांगू तुम्हांला! मी सदतीस वर्षांचा घोडा, पण त्या हसण्यानं माझं इंजिन जे बंद पडलं ते पडलंच. "चावी द्या," ती म्हणाली, आणि मी तिला खिशातली जेवणाची पुडी दिली.

दहा मिनिटांत काम झालं. आता परत यायचं निमित्त काय? घरी आलो, जॅक लावला, नवी पत्ती काढली, मिलो पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकली आणि महिनाभरानं खडखडत पुन्हा सुआमेला. असं एकदा नाही, सात वेळा. डब्यात सात पत्त्या जमल्या. दर वेळी ती बसवायची, दर वेळी मी काढायचो. आणि एक नवल मला दर वेळी वाटायचं. सगळं सुआमे कोळशाच्या पोत्यातून निघाल्यासारखं काळं, पण बिरागोचा चेहरा त्या पहिल्या दिवसानंतर कायम लख्ख. कपाळ चकचकीत, कानामागं पावडर, डोक्याला ताजं फडकं बांधलेलं आणि फडक्याला काहीतरी चमकदार पिन लावलेली. मी म्हणायचो, ही बाई ग्रीसला सांगून ठेवते की काय, की बाबा रे, माझ्या तोंडाला लागू नकोस!

बोलणं मात्र चाकाबाहेर जात नव्हतं. "पत्ती पडली वाटतं, ड्रायव्हर?" "पडली, मॅडम." "रस्ते वाईट आहेत." "फार वाईट, मॅडम." झालं. एवढ्यावर मी परतीच्या वाटेला लागायचो, रेडिओ मोठा करायचो आणि गात सुटायचो. गाडीचा कुठला भाग वाजतोय, कुठला गप्प आहे, त्याचं मला काय? माझ्या कानांत 'रस्ते वाईट आहेत' घुमत असायचं.

आठव्या वेळी, म्हणजे एका गुरुवारी, मी मनाचा हिय्या केला. तिला विचारायची छाती झाली नाही म्हणून तिच्या बापालाच विचारलं. "ओपानिन, मला माझी माणसं घेऊन दार वाजवायला यायचंय."

"माझं दार उघडंच आहे."

"तसं नाही. बाटल्या घेऊन. मागणीचं."

ट्रकच्या मागं पाना पडल्याचा खणकन आवाज आला. म्हाताऱ्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिला विचारलंस?"

"आम्ही... चाकाबद्दल बोलतो."

"आठ महिने?"

"चाक मोठं आहे, ओपानिन."

म्हाताऱ्यानं काडी तोंडातून काढली. "शनिवारी दुपारी या. याच गाडीतून या. आणि नीट ऐक. आठ महिन्यांत ज्याला आपल्या गाडीची खडखड घालवता येत नाही तो एक तर आळशी, नाही तर चिकट, नाही तर लबाड. तिघांपैकी कुणालाच मला मुलगी द्यायची नाही. दुरुस्ती तुझी तू करायची. माझ्या मुलीनं चाकाला हात लावायचा नाही, सुआमेतल्या दुसऱ्या कुणीही नाही. शनिवारी या गल्लीत गाडी वाजली, तर बाटल्या दारातूनच परत. आणि पुन्हा यायचं नाही."

मी मनातल्या मनात उड्या मारल्या! म्हातारबाबा, ज्या रोगाचा तू उतारा मागतोयस तो रोगच माझ्या सीटखाली डब्यात आहे! घरी गेलो, जॅक लावला, डब्यातली एक पत्ती काढून डाव्या चाकात बसवली, ठोकून पाहिली. घट्ट. बायको मिळवायला पाच मिनिटं लागली. त्या संध्याकाळी मी फुफूचे तीन गोळे खाल्ले.

शुक्रवारी सकाळी पहिली फेरी. ताफोच्या अलीकडे पिठाच्या गिरणीमागं डांबर संपतं आणि खड्डे सुरू होतात. गाडी तिथं उतरली आणि खड् खड् खड् खड्.

मला वाटलं भास. रेडिओ बंद केला. खड् खड् खड्. माझी खडखड मी ओळखतो हो, मी तिचा बाप! ही माझी नव्हती. ही कुणाची होती, देव जाणे.

ओपानिनचीच युक्ती वापरली. ब्रेकवर हलका पाय ठेवला, आवाज बंद. पाय काढला, आवाज सुरू. म्हणजे पॅडच नाचतायत. दुसरं काही नाही. तिथंच प्रवासी बसवून ठेवून डावं चाक खोललं. पत्ती जागेवर. काढली, दुसरी बसवली, चाक लावलं, निघालो. खड् खड् खड्. आता प्रवाशांना कंठ फुटला. कुमासीच्या बसमध्ये बावीस प्रवासी असले तर तेवीस मेकॅनिक असतात, कारण एकीच्या पाठीवरचं तान्हं पोरही हात करून काहीतरी सांगत असतं. टोमॅटोवाली म्हणाली चाकाचे नट ढिले आहेत. शाळेचे मास्तर म्हणाले सायलेन्सर. एक सुटाबुटातला माणूस म्हणाला, हा आवाज गाडीचा नाहीच, ड्रायव्हरच्या गुडघ्यांचा आहे. त्याला मी पुढच्या थांब्यावर उतरवला. त्याचा थांबा तोच होता, पण उतरवला मीच.

शुक्रवारी मी डावं चाक पाच वेळा खोललं. पाच वेळा! दुसऱ्या फिटरकडे जायची सोय नव्हती, कारण सुआमेत शिंकलं तरी ओपानिनला कळतं. उजवं चाक खोलावं असं एकदाही मनात आलं नाही. का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझं पाप डाव्या चाकात होतं, तेव्हा शिक्षाही डाव्याच चाकातून येणार, असं माझ्या टाळक्यात पक्कं बसलं होतं. मी पत्तीची माफीसुद्धा मागितली. खरंच सांगतो. चाकासमोर उकिडवा बसून म्हणालो, "बाई, सात वेळा तुला उपटली, चुकलं माझं, आता गप राहा."

शनिवारी दुपारी माझी माणसं चढली. आनाने मामा, आमच्या घराण्याच्या वतीनं बोलणारा माणूस, नवं कापड खांद्यावरून घेऊन, मागणीच्या श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या तान्ह्या बाळासारख्या मांडीवर ठेवून. फॉस्टिना मावशी, पांढऱ्या पोशाखात, हातातल्या पिशवीत बायबल आणि आणखी काय काय. मागं मामाचे चार दोस्त, सगळे साठीचे, सगळे कडक इस्त्रीत. मी नव्या शर्टाची बटणं चुकीच्या काजात घातली होती.

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग," मावशी माझी बटणं सोडवत म्हणाली. "अरे मेल्या, श्वास तरी घे."

निघालो. मामानं भाषणाची तालीम सुरू केली. "आम्ही आपले वाटेनं चाललो होतो, आणि तुमच्या कुंपणातून आम्हांला एक फूल..." खड् खड् खड्. "एक असं फूल दिसलं की..." खड् खड् खड् खड्. मामा वैतागला. "हे काय वाजतंय रे? माझ्या फुलाचा पार चुराडा झाला."

मी त्यांना म्हाताऱ्याची अट सांगितली. गाडीत स्मशानशांतता. म्हणजे माणसांत शांतता, खाली खड् खड् चालूच.

मावशीनं कान टवकारले, ती वाकली, आणि सीटखालून मिलोचा डबा ओढून काढला. हलवला. खुळखुळ! "हे घ्या! डबा वाजतोय आणि हा चाकं खोलत बसलाय! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" झाकण उघडलं तर आत सहा पत्त्या. "हे काय आहे, सार्फो?"

काय सांगणार! सगळं सांगितलं. पहिला दिवस, जॅक, सात वेळा, सगळं. मामा माझ्याकडे असा पाहत राहिला की मला स्टीअरिंगखाली शिरावंसं वाटलं.

"म्हणजे," मामा म्हणाला, "मी इथं फुलाफुलांचं बोलायचं आणि आमचा भाचा आठ महिने त्यांच्याच गॅरेजमधून लोखंड पळवतोय?"

"माझ्याच गाडीतनं काढलं, मामा."

"गप! गाडी चालव!"

मावशीनं डबा डोक्याच्या फडक्यात गुंडाळून पोटाशी घट्ट धरला. सगळ्यांनी श्वास रोखला. पुढचा खड्डा आला. खड् खड् खड्. मागून मामाच्या एका दोस्तानं "अरेरे" म्हटलं, मयताला म्हणतात तसं.

मावशी इतक्यात हार मानणारी नव्हे. तिनं पिशवीतून छोटी बाटली काढली. पास्टरनं प्रार्थना करून दिलेलं तेल. "थांबव गाडी. मी चाकात चार थेंब टाकते, आतलं जे काही असेल ते निघून जाईल."

"मावशी!" मी असा ओरडलो की बाजूची टॅक्सी थांबली. "ब्रेकवर तेल? अगं, मग आपण दारावर थांबणार नाही, दार घेऊनच आत जाऊ! ठेव ती बाटली!"

"भक्ती कमी आहे तुझ्यात."

"ब्रेकला भक्ती चालत नाही, मावशी, ब्रेकला कोरडं लागतं!"

आणि तिथंच मला युक्ती सुचली. ब्रेकवर हलका पाय ठेवला की आवाज बंद होतो ना? मग गल्ली लागल्यापासून फाटकापर्यंत पाय उचलायचाच नाही! मामानं मला शाबासकी दिली. मामाला गाडीतलं काही कळत नाही.

गल्लीच्या तोंडाशी मी ब्रेक दाबला, आणि दुसऱ्या पायानं ॲक्सिलरेटर. विसरलो की गल्ली चढाची आहे. इंजिन आचके द्यायला लागलं. खडखड नाही, पण चाकातून जळका वास. गाडी मुंगीच्या चालीनं वीस हात गेली आणि उभीच राहिली. वर, फाटकाशी, बाकावर म्हातारा दिसत होता. मान तिरपी. ऐकत होता.

"उतरा," मी कुजबुजलो. "सगळे उतरा. ढकला."

"मी?" मामा म्हणाला. "या कापडात?"

"मामा, फूल पाहिजे की नको?"

आणि मग सुआमेनं जे पाहिलं ते अजून सांगतात. सहा वडीलधारी माणसं, नव्या पोशाखांत, एका जुन्या बसच्या मागं जोर लावतायत, आणि कुणी तोंडातून चकार शब्द काढत नाहीये. मामाचं कापड खांद्यावरून घसरलं, ते त्यानं दातांत धरलं. मावशी एका हातानं ढकलतेय, दुसऱ्या हातात डबा, आणि हसू दाबून दाबून तिच्या डोळ्यांतून पाणी. गॅरेजांतले फिटर पाने हातात धरून रस्त्यावर आले. एक जण म्हणाला, "हळूबोल, गाडी मेली का रे?" मामानं दातांतल्या कापडासकट त्याला "श्श" केलं. बसच्या मागं लाल अक्षरांत 'हळू बोल', आणि त्याखाली सहा डोकी. मलाही हसू फुटलं, पोट धरून हसावंसं वाटत होतं, पण पाय ब्रेकवर होता. मी नुसता स्टीअरिंगवर डोकं आपटत हसत होतो.

फाटक दहा हातांवर आलं. आठ. सहा. आणि माझ्या पोटरीत गोळा आला! असा गोळा, की पाय आपोआप उडाला. ब्रेक सुटला, मागून सहा जणांचा जोर होताच, गाडी एका खड्ड्यातून पुढं गेली आणि खड् खड् खड् खड् खड्! थेट म्हाताऱ्याच्या नाकासमोर.

माझं हसू घशातच राहिलं. संपलं, मला वाटलं. फुफूचे तीन गोळे फुकट खाल्ले. मी खाली उतरलो आणि खरंच सांगतो, डोळे भरून आले होते.

ओपानिननं काडी तोंडातून काढली. "डावं गप्प आहे," म्हणाला. "वाजतंय ते उजवं."

उजवं! मी चाकाकडे पाहिलं. आठ महिन्यांत त्या चाकाशी माझा राम राम नव्हता.

"ठरलं ते ठरलं," म्हातारा म्हणाला. "गाडी वाजली. पण दाराशी धापा टाकत आलेल्या माणसांना पाणी न देता पाठवायला मी काही जनावर नाही. आत या."

आत बसलो. पाणी आलं. पाणी झाल्यावर घरच्यानं विचारायचं, कसे आलात, काय काम काढलंत, आणि पाहुण्यानं सांगायचं. ते काही कुणाला टाळता येत नाही, अट असो की नसो. मामा उठला. कापड चुरगळलेलं, कपाळावर काळा पट्टा, पण आवाज खणखणीत. "आम्ही आपले वाटेनं चाललो होतो..."

"ढकलत," म्हातारा म्हणाला.

"ढकलत चाललो होतो, आणि तुमच्या कुंपणातून एक फूल दिसलं. ते मागायला आलोय." बाटल्या मध्ये ठेवल्या.

"फुलाला बोलवा."

बिरागो आली. निळा घट्ट पोशाख, डोक्याला निळं फडकं, फडक्यात ती चमकदार पिन, आणि चेहरा आरशासारखा. माझ्याकडे पाहिलं नाही. मी खुर्चीच्या काठावर.

रीत अशी आहे की बाप मुलीला सगळ्यांसमोर तीनदा विचारतो, या बाटल्या घेऊ का म्हणून. तीनदा हो म्हणाली तर घेतो. ओपानिननं घसा खाकरला. "बिरागो, तीनदा विचारणार आहे. याच्या गाडीच्या उजव्या चाकातली पत्ती कुठाय?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी मावशीकडे. हा कुठला प्रश्न?

बिरागोनं डोक्यावरचं फडकं सावरलं.

"दुसऱ्यांदा विचारतो. उजव्या चाकातली पत्ती कुठाय?"

"पडली असेल, बाबा. रस्ते वाईट आहेत."

"तिसऱ्यांदा विचारतो."

तिनं हात वर केला आणि डोक्यातली पिन ओढली. फडकं सुटून खांद्यावर आलं. तिनं ती पिन बाटल्यांशेजारी ठेवली. बोटाएवढी, वाकवलेली, पोलादी. अरे देवा! तसल्या सात मी स्वतःच्या हातांनी काढल्या होत्या, आणि ही आठवी सात महिने माझ्या डोळ्यांसमोर होती. पण खाली तो चेहरा असताना पिनेकडे बघतो कोण?

"कधी काढलीस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"दुसऱ्यांदा आले होते तेव्हा."

"का?"

बिरागोनं मान खाली घातली, पण आवाज खाली गेला नाही. "डावी मी पक्की बसवली होती, बाबा. म्हटलं, आता हे पुढच्या वेळी आवाज न करता येतील, आणि मी ट्रकखाली असेन, तोंड पहिल्या दिवशीसारखं काळं. खडखड गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येते. तेवढ्यात ट्रकखालून निघून तोंड धुऊन होतं. फडकं बदलून होतं." मग जरा थांबून, "आणि पावडर."

मावशीनं "अगं माझे बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"आठ महिने," ओपानिन म्हणाला, "मी त्या बाकावर बसून दोनच आवाज ऐकतोय. आधी खडखड, मग पिंपातलं पाणी. खडखड, पाणी. खडखड, पाणी. एवढं पाणी माझ्या अख्ख्या गॅरेजला लागत नाही!" मग माझ्याकडे वळला. "आणि तू. पत्त्या काय आंब्याचा मोहोर आहेत, दर महिन्याला झडायला? दोघंही तोंडानं बोलायचं ते चाकानं बोलताय. म्हणून अट घातली. म्हटलं, आता तरी कुणी तोंड उघडेल. तर तोंड उघडण्यापरीस बस ढकलणं याला सोपं गेलं! उघड, आता तरी उघड!"

मावशीनं फडक्यातून डबा सोडला आणि सहाच्या सहा पत्त्या टेबलावर ओतल्या. मी उभा राहिलो. घशात तोच केन्केचा घास. पण म्हटलं, सार्फो, आता नाही तर कधीच नाही, आणि मग असा आवाज लागला की बाहेरच्या कोंबड्या उडाल्या.

"मी तुझ्या धुतलेल्या तोंडासाठी नव्हतो येत! मी त्या पहिल्या दिवशीच्या काळ्या तोंडासाठी येत होतो! सात वेळा चाक खोललं त्या तोंडासाठी, आणि सात वेळा तू मला पावडर लावून भेटलीस!"

बाहेर फाटकावर जमलेल्या फिटरांनी पान्यांनी पत्रे बडवले. बिरागोनं वर पाहिलं, आणि तेच पहिल्या दिवशीचं हसू हसली.

म्हाताऱ्यानं काडी पुन्हा तोंडात घातली, पुन्हा काढली. "मामासाहेब, तुमचा चोर, आमची चोर. निरनिराळ्या घरांत दिले तर दोन घरं बुडतील. एकाच घरात असलेले बरे. पण ते चाक गप्प होईपर्यंत बाटलीचं बूच निघणार नाही. जा. दोघं जा."

आम्ही दोघं उजव्या चाकाशी जाऊन बसलो. ती त्या निळ्या पोशाखात, मी नव्या शर्टात. जॅक मी लावला. "पाना दे," ती म्हणाली. दे म्हणाली, द्या नाही. मी पाना दिला, या वेळी पानाच दिला. डोक्यातली पत्ती तिनं चाकात बसवली आणि वर बघत म्हणाली, "ही आता काढायची नाही हं. तूही नाही, मीही नाही."

तिला शेजारी बसवून गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि परत आणली, सगळ्या खड्ड्यांतून, पाय ब्रेकपासून लांब ठेवून. रेडिओ बंद. चूं नाही की चां नाही. ओपानिन बाकावर मान तिरपी करून ऐकत होता. मग आत मामालाही ऐकू जाईल असा ओरडला, "बिरागो, एकदा, दोनदा, तीनदा, घेऊ का बाटल्या?"

"घ्या, घ्या, घ्या!" ती गाडीतूनच ओरडली, आणि मामानं बूच काढलं.

आता आत जायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं, फोटो काढायचे. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ग्रीसचा पट्टा होता आणि नाकावर एक ठिपका. पिंप तिथंच होतं, फाटकाशी, दोन पावलांवर. ती त्याच्या शेजारून सरळ पुढं गेली.